शीण आणि ताण : दृष्टीच्या संदर्भात एक विवेचन

‘अभ्यासाचा ताण डोळ्यांवर आला’ हे वाक्य मराठीत सहज बोलले जाते आणि ऐकणाराही त्याचा अर्थ तितक्याच सहजतेने लावतो. परंतु या एका वाक्यात शरीराचे दोन भिन्न व्यापार एकत्र आलेले असतात. तासन्‌तास बारीक अक्षर वाचल्याने डोळ्यांस येणारा थकवा हा एक. आणि परीक्षा, प्रबंध वा नोकरी यांच्या चिंतेने मनावर येणारे व तेथून सर्व शरीरभर पसरणारे दडपण हा दुसरा. पहिल्याने डोळे दुखतात, पण दृष्टीची कायमची हानी सहसा होत नाही. दुसऱ्याशी निगडित असलेल्या एका विकारात मात्र डोळा मुळीच न दुखता दृष्टीच्या ऐन मध्यभागी डाग पडतो. दोहोंस एकच नाव असल्यामुळे एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला जाण्याचा संभव असतो. म्हणून हा भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे.

‘ताण’ या शब्दाच्या मुळाशी ‘तन्’, म्हणजे ताणणे, पसरणे, हा संस्कृत धातू आहे. तंबूच्या दोरीस ताण असतो, वाद्याच्या तारेस ताण असतो. मनाचा ताण हा त्यावरून आलेला लाक्षणिक अर्थ होय. इंग्रजीतील ‘स्ट्रेस’ या शब्दाचा प्रवासही असाच झाला. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील एका छोट्या टिपणात असे दाखविले की, अपायकारक कारणे निरनिराळी असली तरी शरीराची प्रतिक्रिया बऱ्याच अंशी सारखीच असते. पुढे या कल्पनेस त्यांनी ‘स्ट्रेस’ हे नाव रूढ केले. पदार्थविज्ञानात तो शब्द आधीपासूनच होता. मराठीत मात्र डोळ्यांचा ‘स्ट्रेन’ आणि मनाचा ‘स्ट्रेस’ या दोहोंकरिता ‘ताण’ हाच शब्द स्थिरावला. ‘डोळे शिणले’ हा आपल्या भाषेतील प्रयोग पहिल्या अर्थास अधिक नेमका आहे. त्यास अनुसरून पुढील विवेचनात डोळ्यांच्या थकव्यास ‘शीण’ व मनाच्या दडपणास ‘ताण’ म्हटले आहे.

प्रथम शिणाचा विचार करू. जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाभोवतालचा स्नायू आकुंचित राहतो आणि दोन्ही डोळे किंचित आत वळतात. शिवाय पुस्तकावर वा संगणकाच्या पडद्यावर नजर खिळली की पापण्यांची उघडझाप मंदावते, अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात. कपाळ जड होणे, मान वर केल्यावर दूरचे क्षणभर अंधुक दिसणे ही याचीच लक्षणे होत. मधूनमधून दूर पाहणे, पापण्या मिटणे, चष्म्याचा क्रमांक योग्य असणे व पुरेशी झोप एवढ्याने शीण बहुधा उतरतो.

ताणाचा मार्ग निराळा आहे. मन धास्तावले की अनुकंपी मज्जासंस्था जागृत होते व अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात. डोळ्याची बाहुली रुंदावते, प्रकाश अधिक आत येतो व उजेड डोळ्यांना खुपू लागतो. बाहुली रुंद असता एकाच वेळी जवळचे व दूरचे स्पष्ट दिसण्याचा आवाकाही कमी होतो. डोळा लवणे हेही पुष्कळदा ताण, जागरण आणि चहा-कॉफीचा अतिरेक यांमुळे घडते. लोकसमजुतीने त्यात शकुन-अपशकुन पाहिला; शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो पापणीच्या स्नायूतील एक निरुपद्रवी कंप असून सामान्यतः आपोआप थांबतो.

येथवरचे परिणाम तात्पुरते असतात. परंतु ताण व कॉर्टिसॉल यांच्याशी संबंध जोडला गेलेला एक विकार दृष्टिपटलाचाच आहे. आल्ब्रेख्त फोन ग्रेफे या जर्मन नेत्रवैद्याने १८६६ मध्ये त्याचे वर्णन केले; आज तो सेंट्रल सेरस कोरिओरेटिनोपॅथी या नावाने ओळखला जातो. दृष्टिपटलाच्या मागे रक्तवाहिन्यांनी भरलेला जो थर असतो, त्यातून द्रव झिरपून दृष्टिपटलाच्या मध्यभागाखाली साचतो. त्यामुळे समोरच्या वस्तूवर करडा डाग दिसतो, सरळ रेषा वाकड्या भासतात, वस्तू आहे त्याहून लहान वाटते आणि रंग फिके पडतात. हा विकार विशेषतः तरुण व मध्यमवयीन पुरुषांत आढळतो. स्टिरॉइड औषधे घेणाऱ्यांत त्याचा धोका वाढतो, आणि कॉर्टिसॉल हे शरीराने स्वतःच तयार केलेले स्टिरॉइड होय. तथापि ताण हे त्याचे एकमेव कारण आहे असे सिद्ध झालेले नाही. संबंध दिसणे आणि कारण ठरणे यांत अंतर आहे. बहुतेक रुग्णांत काही महिन्यांत द्रव आपोआप शोषला जातो. काहींत मात्र विकार उलटतो वा रेंगाळतो आणि दृष्टीस कायमची बाधा आणतो.

काचबिंदूचा प्रश्न याहून नाजूक आहे. डोळ्यातील द्रवाचा दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो, आणि मानसिक ताणाने तो काही काळ वाढू शकतो. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी काचबिंदूच्या ९० रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधांच्या जोडीस तीन आठवडे नित्य ध्यान करणाऱ्या गटात डोळ्यांचा दाब व कॉर्टिसॉल ही दोन्ही उतरल्याचे त्यात आढळले. प्रयोगाचा काळ अल्प होता, आणि ध्यान हे औषधांना पूरक होते, पर्यायी नव्हते, हे विसरता कामा नये.

याच वर्षी जर्मनीतील बर्नहार्ड साबेल व त्यांचे सहकारी यांनी एका लेखात असे प्रतिपादन केले की, ताण हा दृष्टिनाशाचा परिणाम आहे तसाच तो त्याचे एक कारणही असू शकतो. दृष्टी जाईल या भयाने ताण वाढतो आणि वाढलेला ताण रोगास पोषक ठरतो. यास्तव वैद्याने रुग्णाशी कोणत्या शब्दांत बोलावे, यालाही त्यांनी महत्त्व दिले आहे. निदान सांगतानाचे एक कठोर वाक्य रुग्णाच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहते. सत्य न लपविताही आशेला जागा ठेवता येते. शब्द हा येथे उपचाराचा एक भागच ठरतो.

रुग्णाच्या शब्दांचेही महत्त्व तितकेच आहे. ‘डोळ्यांवर ताण आहे’ एवढ्याने वैद्यास फारसा बोध होत नाही. ‘उजव्या डोळ्याने पाहिले असता ओळी मध्येच वाकतात’ या वाक्याने पुष्कळ होतो. एक डोळा झाकून आखीव वहीच्या ओळी पाहणे आणि मग दुसऱ्या डोळ्याने तेच करणे कोणासही साधेल. ओळी वाकड्या दिसल्या, मध्ये डाग आढळला, किंवा डोळा लाल होऊन तीव्र वेदना, दिव्याभोवती वलये व ओकारी अशी लक्षणे उद्भवली, तर विश्रांतीची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. त्यांतही वेदनायुक्त लाल डोळ्याच्या बाबतीत एका दिवसाचाही विलंब घातक ठरू शकतो. ही लक्षणे ताणाखेरीज अन्य गंभीर रोगांचीही असू शकतात. शीण झोपेने जातो. जो जात नाही, त्यास शीण म्हणण्याचे थांबविणे ही उपचाराची पहिली पायरी होय.