जगण्याचे मोल

अन्न, वस्त्र आणि निवारा या मनुष्याच्या मूलभूत गरजा होत. त्या भागल्या की मनुष्य जगू शकतो. परंतु तेवढ्याने त्याला जगावेसे वाटतेच असे नाही. सर्व सुखसोयी हाताशी असूनही एखाद्याला दिवस खायला उठतो, तर दुसरा हालअपेष्टांतही प्रसन्न असतो. हा भेद कशामुळे पडतो, हा प्रश्न फार जुना आहे. विसाव्या शतकात जपानमधील एका विदुषीने त्याचा शोध घेतला. आणि तोही अशा ठिकाणी, की जेथे आनंदाचा मागमूस असेल अशी कल्पनाही कोणी केली नसती.

जपानी भाषेत ‘इकिगाई’ असा एक शब्द आहे. ‘इकि’ म्हणजे जगणे आणि ‘काई’ म्हणजे मोल किंवा सार्थकता. जोडशब्दात ‘काई’चे ‘गाई’ होते. ज्यामुळे जगण्याला मोल येते, ते इकिगाई. हा शब्द केवळ पंडितांच्या ग्रंथांतला नव्हे. तो घरोघरी रोजच्या बोलण्यात येतो. एखाद्या आजीचे इकिगाई तिचे नातवंड असते. एखाद्या निवृत्त गृहस्थाचे इकिगाई अंगणातील चार रोपे असतात. ते लहान की मोठे, त्यातून पैसा मिळतो की नाही, याला येथे महत्त्व नाही.

या साध्या शब्दाचा सखोल विचार मिएको कामिया यांनी केला. त्यांचा जन्म १९१४ साली झाला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आपल्या मामांबरोबर त्या टोकिओतील एका कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात गेल्या होत्या. मामा तेथे प्रवचन करणार होते आणि भजनांच्या वेळी ऑर्गन वाजविण्याचे काम या मुलीकडे होते. समोरच्या रुग्णांना पाहून तिच्या मनाला चटका बसला आणि आपण डॉक्टर व्हावे असे तिने ठरविले. घरच्यांचा याला विरोध होता. पुढे तिला स्वतःला क्षयाने गाठले. तरीही निश्चय ढळला नाही. त्या वैद्यक शिकल्या आणि मनोरोगांच्या तज्ज्ञ झाल्या.

ओकायामा प्रांताच्या किनाऱ्याजवळ नागाशिमा नावाचे एक बेट आहे. तेथे १९३० साली ‘आइसेइएन’ हे सरकारी कुष्ठधाम स्थापन झाले. त्या काळच्या कायद्याप्रमाणे कुष्ठरोग्यांना समाजापासून दूर ठेवले जाई. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधील पाणी अगदी अरुंद होते. परंतु ते ओलांडून घरी परतणे बहुतेकांच्या नशिबी नव्हते. घरच्यांना लोकनिंदेची झळ लागू नये म्हणून कित्येकांनी आपले खरे नावही टाकून दिले होते.

१९५७ सालापासून कामिया या बेटावर मनोरोगचिकित्सक म्हणून जाऊ लागल्या. कोबेजवळच्या त्यांच्या घरापासून तेथे पोहोचण्यास सुमारे पाच तास लागत. त्यांनी रुग्णांशी बोलून त्यांच्या मनःस्थितीचा अभ्यास केला. तेव्हा एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ज्यांचा आजार सौम्य होता, अशांपैकीही अनेकांना आपले आयुष्य पोकळ झाले आहे असे वाटे. त्यांना जेवण मिळे, औषध मिळे. परंतु उद्याच्या दिवसाची वाट पाहावी असे त्यांच्यापाशी काही नव्हते. उलट, त्याच खोलीत, त्याच परिस्थितीत राहणारा दुसरा एखादा रुग्ण मात्र जगण्याच्या आनंदाने भरलेला दिसे. दोघांमध्ये हा फरक कोठून आला, याच प्रश्नातून त्यांचा ‘इकिगाईविषयी’ हा ग्रंथ जन्मास आला. तो १९६६ साली प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात त्यांनी सुख आणि इकिगाई यांतील भेद उलगडून दाखविला आहे. सुखी मनुष्य वर्तमानात तृप्त असतो. इकिगाई लाभलेल्या मनुष्याचे डोळे मात्र पुढे लागलेले असतात. आज दुःख असले, तरी उद्या करावयाचे काहीतरी त्याच्यापाशी असते. म्हणून आजचे दुःख त्याला सोसवते. शिवाय ते त्याचे स्वतःचे असते. दुसऱ्याकडून उसने आणता येत नाही.

आइसेइएनमधील काही रुग्णांच्या चरित्रांवरून हे स्पष्ट होईल. कामिया तेथे येण्यापूर्वी आकाशी काइजिन नावाचे कवी त्या बेटावर राहत होते. रोगाने त्यांची दृष्टी गेली, पुढे आवाजही गेला. तरीही ते ‘तांका’ रचीत राहिले. तांका म्हणजे अवघ्या एकतीस अक्षरांची जपानी कविता. एखादा क्षण, एखादा ध्वनी, एखादी आठवण एवढेच तिच्यात मावते. अशा कवितांचा त्यांचा संग्रह १९३९ साली निघाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

ज्यांची दृष्टी गेली होती आणि ज्यांच्या बोटांची संवेदनाही नाहीशी झाली होती, अशा काही रुग्णांनी ब्रेल लिपी जिभेने वाचण्यास आरंभ केला. कारण जिभेच्या टोकाला स्पर्श कळत असे. कागदावरील उंचवट्यांनी जीभ सोलवटे, रक्त येई. परंतु एकेक अक्षर लागत जाई. याच बेटावरील अंध रुग्णांनी १९५३ साली ‘निळा पक्षी’ या नावाचे हार्मोनिकावादकांचे पथक उभारले. एक ओळ वाचता येणे किंवा एक स्वर बरोबर लागणे, ही इतरांच्या दृष्टीने किती क्षुल्लक गोष्ट! त्यांच्यासाठी मात्र तीच उद्याच्या पहाटेची ओढ होती.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये, की मनुष्य लहान गोष्टींत रमला म्हणजे त्याच्यावरील अन्याय क्षम्य ठरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर या रोगावर गुणकारी औषधे आली, तरी जपानमधील तो कायदा १९९६ सालापर्यंत रद्द झाला नाही. नागाशिमाला जोडणारा पूलही १९८८ साली झाला. अखेर २००१ साली कुमामोतो येथील न्यायालयाने ते विलगीकरणाचे धोरण घटनाविरोधी ठरविले. आपल्या हक्कांसाठी तो लढा रुग्णांनीच दिला होता. ज्याला आपल्या जगण्याचे मोल कळते, तो त्याची अवहेलनाही मुकाट्याने सोशीत नाही.

कामिया यांचे १९७९ साली निधन झाले. त्यांच्या शोधाचे सार थोडक्यात सांगता येईल. जगण्याचा अर्थ दूर कोठे पुरून ठेवलेला ठेवा नव्हे. मनापासून केलेले काम, जीव लावलेले माणूस, लक्ष देऊन ऐकलेला एक स्वर यांतच तो दररोज थोडा थोडा हाती येतो. मोठे यश प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. परंतु उद्याची वाट पाहावी असे एखादे लहानसे निमित्त जोपासणे प्रत्येकाला शक्य आहे. आणि ज्याच्यापाशी असे निमित्त उरलेले नाही, त्याला ते शोधण्यास साहाय्य करणे, हेही एखाद्याच्या जीवनाचे सार्थक होऊ शकते. मिएको कामिया यांचे स्वतःचे जीवन हाच त्याचा दाखला होय.