इंजिन बदललेली जुनी नौका : खरेदीपूर्वी काय पाहावे?

कोकण किनाऱ्यावरील काही कुटुंबांत शेती व मासेमारी हे दोन्ही व्यवसाय एकाच घरात चालतात. नवी यांत्रिक नौका बांधून घेण्याइतके भांडवल अशा कुटुंबांपाशी बहुधा नसते; म्हणून जुनी नौका विकत घेण्याकडे त्यांचा कल असतो. विक्रीस आलेल्या नौकेविषयी “इंजिन नवीन टाकले आहे” असे सांगितले जाते, आणि तेवढ्या एका वाक्यावर किंमत बरीच चढते. बैल घेताना दात, खूर व चाल पाहिल्यावाचून कोणी पैसे मोजीत नाही. नौकेच्या बाबतीत मात्र घरचे सोने गहाण पडते, संस्थेचे कर्ज डोक्यावर येते, आणि तरीही परीक्षा वरवरचीच होते. यासाठी या व्यवहारात कोणत्या गोष्टी क्रमाने तपासाव्यात, याची माहिती पुढे दिली आहे.

इंजिन बदललेले असणे हा स्वतः गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, पंखा आणि नौकेचा सांगाडा ही पाच अंगे एकमेकांस जुळली असतील, तरच नव्या इंजिनाची किंमत देणे योग्य ठरते. त्यांपैकी एक अंग बदलले व बाकीची चार तशीच राहिली, तर मेळ बिघडण्याचा संभव असतो. खरेदीदाराने शोधावयाचे ते हेच.

जुने इंजिन का गेले?

विक्रेत्यास पहिला प्रश्न हा विचारावा. इंजिन वयोमानाने झिजले असेल तर चिंतेचे कारण नाही. परंतु ते तापून अडकले असेल, त्यात खारे पाणी शिरले असेल किंवा ते वारंवार बंद पडत असेल, तर मूळ कारण नौकेतच शिल्लक राहिले असण्याची शक्यता असते. समुद्राचे पाणी आत घेणारी वाट शिंपल्यांनी अरुंद झालेली असते, डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी व गंज साचलेला असतो, किंवा शाफ्टची रेषा वाकडी असते. जुन्या इंजिनास ज्या कारणाने हानी पोहोचली, तेच कारण नव्या इंजिनासही बाधेल. म्हणून टाकीच्या तळाचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवावे. पाणी व गाळ खाली बसलेला स्पष्ट दिसतो.

इंजिन सागरी की मालमोटारीचे?

“नवीन” या शब्दाचा अर्थही स्पष्ट करून घ्यावा. कारखान्यातून आलेले इंजिन, दुरुस्त करून पुन्हा जुळविलेले इंजिन आणि मालमोटारीतून काढून नौकेस बसविलेले इंजिन या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत. खरेदीची पावती मागावी व तिच्यावरील क्रमांक इंजिनावर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा.

मालमोटारीच्या इंजिनावर नौका चालते. परंतु त्यासाठी आवश्यक ते फेरफार झालेले असले पाहिजेत. रस्त्यावर गाडीला चढ लागतो तसा उतारही लागतो व इंजिनास विसावा मिळतो. नौकेच्या इंजिनाला सतत चढच चढावा लागतो. त्यामुळे मोटारीसाठी सांगितलेली अश्वशक्ती नौकेवर तासन्‌तास मिळेल असे धरून चालू नये. दुसरी बाब थंडाव्याची. खारे पाणी सरळ इंजिनात फिरविल्यास आतील मार्ग गंजतात व त्यांत क्षार साचतात. इंजिनात गोडे पाणी फिरावे आणि ते पाणी समुद्राच्या पाण्याने बाहेरून थंड व्हावे, अशी व्यवस्था असणे इष्ट होय. ती आहे किंवा नाही, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. हा मिस्त्री विक्रेत्याच्या संबंधातील नसावा.

अधिक अश्वशक्ती म्हणजे अधिक वेग नव्हे

पाणी कापीत चालणाऱ्या जड नौकेच्या वेगास तिच्या पाण्यातील लांबीमुळे मर्यादा पडते. पाण्याच्या रेषेवर ३६ फूट लांब असलेल्या नौकेची ही मर्यादा ताशी सुमारे ८ सागरी मैल असते. त्यापुढे जोर लावला तर नौका स्वतःच उठविलेल्या लाटेवर चढू पाहते. डिझेल भराभर जळते आणि वेग मात्र फारसा वाढत नाही.

याचा हिशेब सोपा आहे. चांगल्या स्थितीतील डिझेल इंजिनास एका अश्वशक्तीमागे ताशी सुमारे २०० मिलिलिटर डिझेल लागते. मोठे इंजिन बसविल्यामुळे २० अश्वशक्ती विनाकारण अधिक वापरली गेली, तर १० तासांच्या फेरीत ४० लिटर आणि महिन्याच्या २० फेऱ्यांत ८०० लिटर डिझेल वाया जाते. मोठ्या इंजिनाचा भार मागील बाजूस पडून नौका मागे बसते, ही हानी वेगळीच. नौका पाण्यात असताना बाजूने पाहावी. जुन्या रंगाची किंवा शेवाळाची रेषा आणि सध्याची पाण्याची रेषा यांत मागील भागी मोठे अंतर दिसल्यास भाराचा तोल बदलला आहे असे समजावे.

बैठक, शाफ्ट आणि पंखा

इंजिनाच्या बैठकीवर जुन्या भोकांशेजारी नवी भोके, खाली सारलेले लाकडाचे तुकडे किंवा तेलाने भिजून मऊ पडलेले लाकूड दिसल्यास बैठक विश्वासार्ह नाही. फायबरच्या नौकेत बैठकीच्या कडेस तडे पाहावेत.

गिअरबॉक्स व शाफ्ट ज्या दोन चकत्यांनी जोडलेले असतात, त्यांचे बोल्ट काढून चकत्यांमधील फट चारही बाजूंनी फीलर गेजने मोजावी. चकतीचा व्यास १०० मिलिमीटर असेल तर या मापांतील फरक ०.१ मिलिमीटरहून अधिक नसावा. ही तपासणी नौका पाण्यात तरंगत असताना करावी. कारण किनाऱ्यावर ओढलेल्या नौकेचा आकार किंचित बदलतो व माप फसवे येते.

पंखा जुन्याच इंजिनाचा राहिला आहे काय, हेही विचारावे. जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरला सावकाश फिरणारा मोठा पंखा लागतो; दूरवर जाऊन जाळे टाकून परतणाऱ्या नौकेची गरज निराळी असते. पंखा नव्या इंजिनाच्या व गिअरबॉक्सच्या फेऱ्यांशी जुळला नाही, तर उत्तम इंजिनही नीट काम देऊ शकत नाही.

समुद्रावरील चाचणी

गिअर न टाकता धक्क्यावर चालविलेले इंजिन काहीच सिद्ध करीत नाही. चाचणी समुद्रावर, शक्य तर नेहमीइतका भार घेऊन, निदान एक तास करावी व सोबत अनुभवी तांडेल असावा.

१. इंजिन सुरू करण्यापूर्वी त्यास हात लावून पाहावा. ते आधीच ऊन असेल तर थंड स्थितीत ते सुरू होते की नाही, हे कळत नाही. अशा वेळी दुसऱ्या दिवशी यावे.

२. तेल पाहावे. दुधाळ तेल म्हणजे त्यात पाणी शिरल्याची खूण होय.

३. धूर पाहावा. सतत काळा धूर अतिभार, अपुरी हवा किंवा इंजेक्टरमधील बिघाड दाखवितो. निळा धूर तेल जळत असल्याचे दाखवितो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर आत पाणी जात असण्याची शंका घ्यावी.

४. गिअर टाकून पूर्ण जोर द्यावा. उत्पादकाने १८०० फेऱ्या सांगितल्या असता इंजिन १५०० वरच अडून काळा धूर सोडू लागले, तर पंखा भारी आहे, तळ शिंपल्यांनी माखला आहे किंवा इंजिनच दुबळे आहे. फेऱ्या मर्यादेपलीकडे सहज जात असतील, तर पंखा हलका आहे.

५. तापमान वाढत न राहता एका जागी स्थिरावले पाहिजे. उलटा गिअर अनेकदा टाकून पाहावा.

सांगाडा व कागदपत्रे

इंजिन बदलता येते. कुजलेला कणा सहजासहजी बदलता येत नाही. लाकडी नौकेचा कणा, वाकांची टोके व इंजिनाखालील फळ्या टोकदार हत्याराने टोचून पाहाव्यात. फायबरची नौका हलक्या हातोडीने ठोकीत जावी. खणखणीत आवाजामध्येच बद्द आवाज आला, तर तेथील थर सुटले असावेत असे समजावे.

नोंदणी प्रमाणपत्रावर जुन्याच इंजिनाचा क्रमांक व अश्वशक्ती असेल, तर ती नोंद विक्रेत्याकडून आधी दुरुस्त करून घ्यावी. ती तशीच राहिल्यास विम्याचा दावा, डिझेलवरील करपरतावा व महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालील परवाना यांत अडचणी येऊ शकतात. नौकेवर किंवा इंजिनावर बँकेचा अथवा मच्छीमार सहकारी संस्थेचा बोजा नाही, असा लेखी दाखला मिळाल्यावाचून विसार देऊ नये.

व्यवहार कसा करावा?

पावसाळी बंदीत नौका किनाऱ्यावर शाकारलेल्या असताना सौदे ठरतात. सांगाडा पाहण्यास हा काळ सोयीचा असला, तरी त्या वेळी समुद्रावरील चाचणी शक्य नसते. म्हणून किमतीचा मोठा भाग हंगाम उघडून चाचणी समाधानकारक झाल्यावर द्यावयाचा, आणि चाचणीत नौका उतरली नाही तर विसार परत करावयाचा, असा लेखी करार दोन साक्षीदारांसमक्ष करावा. नारळी पौर्णिमेपूर्वी सर्व रक्कम देऊन मोकळे होणे धोक्याचे आहे.

पंखा बदलणे किंवा शाफ्टची रेषा सुधारणे यांसारखे दोष आढळल्यास त्यांचा खर्च मिस्त्रीकडून लिहून घेऊन किमतीतून वजा करावा. कणा कुजलेला असल्यास, बैठक खिळखिळी असल्यास, इंजिनाचा क्रमांक पावतीशी जुळत नसल्यास किंवा विक्रेता चाचणीस तयार नसल्यास सौदा सोडून द्यावा. तपासणीवर झालेला थोडा खर्च वाया गेला असे मानू नये. भर समुद्रात बंद पडलेल्या इंजिनाबरोबर तांडेल व खलाशी यांचे प्राणही संकटात येतात.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी वरील मुद्द्यांची यादी संस्थेच्या कार्यालयात लावावी, आणि कर्जासाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येक खरेदीदाराकडून ती भरून घेण्याची प्रथा पाडावी.