विश्लेषण : पासवर्ड बरोबर, तरी डेटाबेस ‘रूट’ला आत का घेत नाही?

उबुंटूवर मायएसक्यूएल बसवले, ‘रूट’ नावाने लॉगिन केले आणि पडद्यावर ‘ॲक्सेस डिनाइड’ झळकले. अशा वेळी अनेक जण पासवर्ड बदलत बसतात किंवा सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवतात. त्या घाईत डेटाचे फोल्डर पुसले गेले आणि बॅकअप नसेल, तर सगळ्या नोंदी हातच्या जातात.

त्रुटीचा क्रमांक काय सांगतो?

आधी संदेशातील क्रमांक पाहा. १०४५ असेल तर बहुतेकदा नाव किंवा पासवर्ड चुकलेला असतो. २००२ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचताच आले नाही. बहुधा तो बंद आहे. १६९८चे कारण मात्र वेगळे आहे.

१६९८ का येतो?

उबुंटूवर रूटची ओळख सहसा ‘ऑथ सॉकेट’ पद्धतीने पटवली जाते. समोरचा वापरकर्ता कोण, हे डेटाबेस थेट लिनक्सला विचारतो. तो लिनक्सचाही रूट असेल तरच प्रवेश मिळतो; पासवर्ड पाहिलाच जात नाही. मारियाडीबीतही १०.४ आवृत्तीपासून अशीच सोय आहे.

उपाय काय?

टर्मिनलमध्ये ‘सुडो मायएसक्यूएल’ ही आज्ञा द्या. पासवर्ड विचारल्यास लिनक्समधील स्वतःचा द्या. आत गेल्यावर वेबसाइटसाठी वेगळा वापरकर्ता तयार करून त्याला गरजेपुरतेच अधिकार द्या.

काय टाळावे?

‘स्किप ग्रँट टेबल्स’ हा पर्याय सुरू ठेवू नका. तो चालू असेपर्यंत पासवर्डची तपासणीच होत नाही, कोणालाही सर्व अधिकार मिळतात. कोणताही बदल करण्यापूर्वी डेटाची प्रत दुसरीकडे काढून ठेवा.