एका ‘ग्रो’ला मराठीत किती शब्द?

राजुरी (ता. जुन्नर) : प्राथमिक शाळेतील इंग्रजीच्या पुस्तकात ‘ग्रो’ हे क्रियापद भेटते आणि वहीच्या समासात त्याचा अर्थ लिहिला जातो : ‘वाढणे’. अर्थ चुकीचा नाही. मात्र त्याच आधारावर ‘फार्मर्स ग्रो ऑनियन्स’ या वाक्याचे ‘शेतकरी कांदे वाढतात’ असे भाषांतर केले, की शेतकरी शेत सोडून थेट पंगतीत कांदे वाढू लागतो!

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, आळेफाटा आणि बेल्हे या बाजारपेठांच्या परिसरातील राजुरीसारख्या गावात कांदा कोणी ‘वाढवत’ नाही. तेथे कांदा ‘करतात’. ‘यंदा दोन एकर कांदा केला’ एवढे म्हटले, की पेरणीपासून काढणीपर्यंतची सारी मेहनत त्यात आली. ऊस मात्र ‘लावतात’, बाजरी ‘पेरतात’ आणि द्राक्षांची बाग ‘धरतात’. शहरी मराठीत या सगळ्यांसाठी ‘पिकवणे’ हा एकच शब्द उरला आहे. तो निर्दोष आहे, पण शेतापासून जरा लांबचा.

वनस्पतीच्या वाढीच्या अवस्थांनाही मराठीत स्वतंत्र क्रियापदे आहेत. बी रुजते, कोंब फुटतो, रोप उगवते, मग ते तग धरते. बाजरी पोटरीत येते, निसवते, नंतर तिचा दाणा भरतो. उसाला फुटवे येतात, कांड्या धरतात. कांद्याची गोष्ट आणखी निराळी. सहा ते आठ आठवड्यांचे रोप शेतात लावल्यावर आधी पात वाढते आणि पुढे जमिनीतला कंद ‘पोसतो’. नत्रयुक्त खताची मात्रा जास्त झाली, तर पात तरारते आणि गड्डा मात्र लहानच राहतो. मग शेतकरी म्हणतो, ‘पात माजली, कांदा पोसला नाही.’ इंग्रजीत या दोन्ही क्रिया ‘ग्रो’ने भागवता येतात. मराठीत मात्र एक तक्रार आहे आणि दुसरी अपेक्षा. तणही असेच ‘माजते’. ते ‘बहरले’ असे कोणी म्हणणार नाही.

‘ग्रो’ या शब्दाचे मूळही शेतातलेच. ‘ग्रास’ म्हणजे गवत आणि ‘ग्रीन’ म्हणजे हिरवा, हे त्याचे सख्खे भाऊबंद. जुन्या इंग्रजीत तो मुख्यत्वे झाडापाल्यासाठी वापरला जाई. माणसे, शहरे, व्यापार यांच्याकडे तो नंतर वळला. १९९२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत बिल क्लिंटन यांच्या प्रचारातून ‘ग्रो द इकॉनॉमी’ हा प्रयोग रूढ झाला, तेव्हा अर्थव्यवस्था काय बटाटा आहे काय, अशा थाटात तेथील भाषाशुद्धीवाद्यांनी नाके मुरडली होती. आज तो प्रयोग सर्रास चालतो.

मराठी ‘वाढणे’ संस्कृत ‘वृध्’ धातूपासून आले. या धातूचा सर्वांत परिचित अवतार राजुरीच्याच तालुक्याशी नाते सांगतो. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत प्रतिपदेच्या चंद्राची उपमा आहे आणि त्यासोबत ‘वर्धिष्णु’ हा शब्द आहे. ‘वृद्ध’ हाही याच धातूचा, म्हणजे मुळात ‘वाढलेला’. आता मात्र वयाने वाढलेल्याला ‘म्हातारा झाला’ म्हणतात. इंग्रजीत माणूस ‘ग्रो’ करीत म्हातारा होतो, तसाच दमतो आणि अंधारही तसाच होतो. मराठीत अंधार ‘पडतो’ आणि माणूस ‘थकतो’. बाळाला दात ‘येतात’, पोराला मिसरूड ‘फुटते’, उद्धट पोराला शिंगेही फुटतात. फळ ‘धरते’ किंवा ‘लागते’. म्हणूनच ‘पैसे काय झाडाला लागलेत?’ असे आई विचारते.

या क्रियापदाची खरी गंमत वर्तमानपत्रांच्या पानांवर दिसते. ‘श्रीफळ वाढवून कामाचा शुभारंभ’ हे वाक्य मराठी वाचकाला खटकत नाही. नारळ फुटला, बांगडी फुटली असे बोलणे अशुभ, म्हणून ती ‘वाढली’. याकडे शुभभाषण म्हणून पाहण्याची रीत आहे. तथापि, पाणिनीय धातुपाठात ‘वर्ध्’ हा आणखी एक धातू ‘छेदन’ आणि ‘पूरण’ या दोन्ही अर्थांनी दिलेला आहे. संस्कृतात सुतार म्हणजे ‘वर्धकी’, आणि विदर्भात सुताराला अजूनही ‘वाढई’ म्हणतात. नारळ ‘वाढवण्या’त केवळ शुभशब्द आहे की जुन्या छेदनाचाही काही अंश, हे भाषाभ्यासकांनी पाहण्याजोगे आहे. ताट वाढण्याचा अर्थ तर घरोघरी ठाऊक आहे. फरक व्याकरणाने कळतो : ‘भात वाढला’ यात भात शेतातलाही असू शकतो, ‘तिने भात वाढला’ म्हटले, की तो पानातलाच.

शब्द निवडण्यात सर्वाधिक जोखीम आहे ती बाजाराच्या बातमीत. भाव चढले की मराठीत त्यासाठी अनेक क्रियापदे हाताशी असतात : वाढले, वधारले, सुधारले, कडाडले, भडकले. शब्दकोशात ही समानार्थी ठरतील. पण ‘कांदा कडाडला’ हे पिशवी घेऊन मंडईत उभ्या असलेल्या ग्राहकाचे वाक्य आहे आणि ‘बाजार सुधारला’ हे आळेफाट्याला माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली; ती ४ मे २०२४ रोजी उठली. या काळात भाव खाली आले, तेव्हा ‘दिलासा’ हा शब्द पुण्या-मुंबईच्या ग्राहकापुरता खरा होता. ज्याच्या चाळीत कांदा पडून होता, त्याच्या दृष्टीने भाव ‘पडले’ होते आणि तो उतरवून घेणाऱ्या बातमीदारानेही तोच शब्द वापरायला हवा होता. ‘आवक वाढली’ या दोन शब्दांचेही तसेच : शहरात ती स्वस्ताईची वर्दी ठरते, तर राजुरीत गाडी आज भरावी की चार दिवस थांबावे, याचा विचार त्याच शब्दांनी सुरू होतो.