नकाशावरची निळी रेघ

नगरपरिषदेच्या सभागृहात दोन मोठी टेबले एकमेकांना लावून त्यांवर गावाचा नकाशा पसरला आणि त्याचे चार कोपरे उडू नयेत म्हणून जन्ममृत्यूच्या नोंदींची चार जाड बांधीव दप्तरे त्यांवर ठेवली, की त्या दिवसापासून पुढले काही आठवडे त्या दालनाचे दार आतून बंद राहत असे. प्रारूप प्रभाग रचना प्रसिद्ध होईपर्यंत तिच्याविषयी बाहेर अवाक्षर काढावयाचे नाही असा सक्त दंडक असल्यामुळे, मुख्याधिकारी, एक भूमापक, एक संगणकचालक आणि मी, असे आम्ही चौघे २०१६ च्या उन्हाळ्यात त्या बंद दालनात बसून, ज्या गावात आमचे आयुष्य गेले त्याचे दहा भाग करीत होतो. आणि ज्यांचे भवितव्य त्या भागांवर अवलंबून होते अशी माणसे समोरच्या टपरीवर चहा घेत आमच्या दाराकडे पाहत होती.

गावाचे भाग पडलेले नसतात असे नाही. पेठा असतात, आळ्या असतात, मोहल्ले असतात, वेशीबाहेरची वस्ती असते. ते भाग कोणी हुकूम काढून पाडलेले नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने पडलेले असतात. परंतु मताला वहिवाट पुरत नाही. एका पेठेत सहा हजार माणसे आणि दुसरीत नऊशे, अशा दोन पेठांना प्रत्येकी दोन-दोन नगरसेवक दिले, तर लहान पेठेतील एका माणसाचे मत मोठ्या पेठेतील जवळजवळ सात माणसांच्या मतांइतके वजनदार होईल, आणि मतपेटीतील सर्व मते एकसारखी दिसत असूनही निवडणूक मुळातच विषम ठरेल. म्हणूनच १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांतील जागा प्रभागांतून थेट निवडणुकीने भराव्यात असे ठरवून दिले, आणि महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये प्रभाग पाडताना प्रत्येक सदस्यामागे येणारी लोकसंख्या शक्य तितकी समान राखावी हे तत्त्व त्या कामाच्या मुळाशी राहिले. आमच्या बंद दालनातील साऱ्या खटपटीचे मूळ या एका शब्दात होते: समान.

हिशोब वरवर पाहता प्राथमिक शाळेतील मुलालाही सुटावा इतका सोपा आहे. खरे आकडे दप्तरात आहेत. येथे समजण्यापुरते गोल आकडे घेतो. गावाची लोकसंख्या ३४,००० आणि सदस्य २०. प्रत्येक प्रभागातून दोन सदस्य निवडावयाचे. म्हणजे प्रभाग दहा आणि प्रभागाची सरासरी लोकसंख्या ३,४००. या सरासरीपेक्षा दहा टक्के कमी अथवा दहा टक्के अधिक एवढीच सवलत. म्हणजे प्रभागात ३,०६० पेक्षा कमी आणि ३,७४० पेक्षा अधिक माणसे असता कामा नयेत. परंतु माणसे धान्यासारखी पायलीने मोजून इकडून तिकडे ओतता येत नाहीत. जुने लोक जिला खानेसुमारी म्हणत त्या जनगणनेच्या वेळी गावाचे जे लहान लहान तुकडे पाडलेले असतात, त्यांना प्रगणक गट म्हणतात. असा एकेक गट सामान्यतः पाच-सातशे माणसांचा असतो. आणि त्या गटाच्या आत कोणत्या घरात किती माणसे आहेत हे आमच्यापाशी नसल्यामुळे, गट शक्यतो न फोडता सबंध उचलून प्रभागात बसवावा लागतो. एक गट घातला तर प्रभाग फुगतो, काढला तर रोडावतो, आणि शेजारचा घ्यावा तर तो शेजारच्या प्रभागाला हवा असतो.

शिवाय क्रम ठरलेला असतो. प्रभागांची आखणी गावाच्या उत्तरेकडून सुरू करावयाची, तेथून ईशान्येकडे सरकावयाचे, मग पूर्वेकडे येऊन पूर्वेकडून पश्चिमेकडे वळत वळत अखेर दक्षिणेला संपवावयाचे, आणि याच ओघाने प्रभागांना क्रमांक द्यावयाचे. या क्रमामागे शहाणपण आहे. कारण आखणाऱ्याला जेथून सोयीचे तेथून सुरुवात करण्याची मुभा असती, तर एखाद्याच्या घरापासून सुरुवात करून त्याला अनुकूल असा प्रभाग आधी कोरून घेणे आणि उरलेल्या गावाची वाटणी मागाहून करणे अवघड गेले नसते. हद्द शक्यतो नदी, नाला, लोहमार्ग, मोठा रस्ता यांच्यावरून न्यावी. इमारत अगर चाळ मधोमध कापू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे विभाजन शक्यतो होऊ देऊ नये. प्रभाग सलग असावा, त्याचा एक तुकडा येथे आणि दुसरा तेथे असे होऊ नये. आणि प्रत्येक प्रभागाची व्याप्ती व चतुःसीमा अशा शब्दांत लिहावी की त्या वाचून कोणाही नागरिकाला आपण कोठे मोडतो ते कळावे.

हे नियम वाचताना कोरडे वाटतात. परंतु प्रत्येक नियमामागे कोणावर तरी होऊ शकणारा अन्याय उभा असतो, आणि तो नियम त्या अन्यायाची वाट अडवून बसलेला असतो. हद्दीच्या रेघेने अन्याय करण्याच्या रीती मुख्यतः दोन. एखाद्या समाजाची माणसे दोन-तीन प्रभागांत विखरून टाकली, तर ती कोठेच बहुसंख्य राहत नाहीत आणि त्यांचा आवाज सर्वत्र असूनही कोठेच ऐकू येत नाही. उलट ती सारी एकाच प्रभागात कोंबली, तर त्यांचा एक प्रभाग पक्का होतो, परंतु बाकीच्या सर्व प्रभागांना त्यांची गरज उरत नाही. या दोहोंपैकी काहीही करण्यासाठी कोणाचे मत हिरावून घ्यावे लागत नाही, मतदार यादीतून नाव कमी करावे लागत नाही. पेन्सिल बोटभर इकडे किंवा तिकडे सरकवली की पुरते. म्हणून त्या पेन्सिलीचे मला भय वाटत असे, आणि ते वाटणे योग्य होते असे मी आजही मानतो.

आमच्या गावाच्या पूर्वेस एक नाला उत्तरदक्षिण वाहतो. नकाशावर तो निळ्या रंगात ठळक दाखवला होता. चौथ्या आणि पाचव्या प्रभागांची हद्द ठरवताना मी ती त्या निळ्या रेघेवरून नेली. नैसर्गिक सीमा, दोन्हीकडचे आकडे मर्यादेत, वर्णन सुटसुटीत: ‘नाल्याच्या मध्यरेषेने दक्षिणेकडे पुलापर्यंत’. भूमापकाने मान डोलावली, मुख्याधिकाऱ्यांनी पसंती दिली, आणि साऱ्या गावात जर कोठे आपली रेघ निर्विवाद असेल तर ती येथेच, अशा समाधानाने मी त्या दिवशी घरी गेलो.

प्रारूप प्रसिद्ध झाले; नकाशे कचेरीच्या भिंतीवर लागले; हरकती व सूचना येऊ लागल्या आणि आवक बारनिशीत त्यांची नोंद होऊ लागली. बहुतेक हरकतींच्या मागचा हेतू पहिल्या चार ओळींत कळत असे. कोणाची हक्काची आळी शेजारच्या प्रभागात गेलेली असे, कोणाच्या प्रतिस्पर्ध्याचे भाऊबंद त्याच्या प्रभागात आलेले असत, आणि हे सारे ‘भौगोलिक सलगतेचा भंग’ या भारदस्त शब्दांत लिहिलेले असे. अशा हरकतींची टर उडवणे मला कधी रुचले नाही. कारण स्वार्थाने लिहिलेल्या अर्जातही कधी कधी खरी चूक दाखवलेली सापडते, आणि शिवाय प्रभागांच्या सीमा ठरवणारे कायदे न्यायालयात प्रश्नास्पद करता येऊ नयेत अशी तरतूद संविधानातच असल्यामुळे, सामान्य माणसाला आपले गाऱ्हाणे मांडण्याची सर्वांत जवळची जागा म्हणजे या हरकतींवर होणारी सुनावणी.

सुनावणीच्या दिवशी नाल्याकाठच्या वस्तीतून पाचसहा बायामाणसे आली. अर्ज कोणा शाळकरी मुलाने लिहून दिलेला दिसत होता. त्यात ना कलम होते ना नियम. सुनावणी अधिकाऱ्यांनी नाव पुकारल्यावर एक वयस्क बाई पुढे झाली आणि म्हणाली, “साहेब, आमची वस्ती एकच हाय. नळ अलीकडं, घरं पलीकडं. समाजमंदिर पलीकडं, बालवाडी अलीकडं. आता तुम्ही नाला मधी घातला. उद्या नळाला पाणी आलं न्हाई तर म्या कोणत्या मेंबराकडं जायचं? एक म्हनंल नळ माझा न्हाई, दुसरा म्हनंल बाई तू माझी न्हाईस.”

“मावशी, नाला आहेच ना मध्ये?” अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले.

“पावसाळ्यात हाय, साहेब. येरवी फरशी हाय न्हवं.”

त्या एका वाक्याने माझ्या मनात जे उलगडले ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. २०११ च्या फेब्रुवारीत जनगणना झाली तेव्हा त्या भागातील प्रगणकांवर पर्यवेक्षक म्हणून माझी नेमणूक होती. ९ ते २८ फेब्रुवारी हे गणनेचे दिवस. अखेरच्या रात्री उघड्यावर झोपणाऱ्या बेघर माणसांची मोजदाद. त्या वीस दिवसांत मी ती वस्ती कित्येकदा तुडवली होती. या काठावरच्या घरातून त्या काठावरच्या घरात गेलो होतो. आणि नाला कोरडा असल्यामुळे, त्याच्या पात्रात मुले खेळत असल्यामुळे, दगडी फरशीवरून बायका घागरी घेऊन अखंड ये-जा करीत असल्यामुळे, आपण एखादी सीमा ओलांडीत आहोत असे मला एकदाही वाटले नव्हते. प्रगणक गट मात्र पाडताना नाल्याच्या अलीकडचा वेगळा आणि पलीकडचा वेगळा असे पाडले गेले होते, कारण मोजणाऱ्याला ते सोयीचे होते. पाच वर्षांनी त्याच वस्तीकडे मी टेबलावरून पाहिले तेव्हा मला माणसे दिसली नाहीत, दोन गट दिसले आणि त्यांच्यामध्ये एक निळी रेघ दिसली. आणि जी रेघ जमिनीवर नव्हती तिच्यावर मी हद्द ठेवली.

सुनावणी अधिकाऱ्यांनी स्थळपाहणी करण्याचे ठरवले. त्या दिवशी आम्ही नकाशा गुंडाळून हातात घेतला आणि फरशीवर उभे राहिलो. वस्ती अनुसूचित जातीची होती. दोन प्रभागांत विभागली असती तर कोणत्याच प्रभागात तिचे प्रमाण लक्षात येण्याजोगे राहिले नसते. अनुसूचित जातींसाठी राखीव जागा देताना त्या जातींच्या लोकसंख्येची टक्केवारी कोणत्या प्रभागात अधिक हे उतरत्या क्रमाने पाहिले जाते. त्यामुळे माझ्या सरळ दिसणाऱ्या रेघेने एका वस्तीचे केवळ नळाचे गाऱ्हाणेच दुभंगत नव्हते, तर तिचे माणूस त्या सभागृहात बसण्याची शक्यताही क्षीण होत होती. हे मी हेतुपुरस्सर केले नव्हते. परंतु ज्यांच्यावर रेघ पडते त्यांना आखणाऱ्याचा हेतू उपयोगी पडत नाही.

चूक कळली तरी दुरुस्ती सोपी नव्हती. पुन्हा समजण्यापुरते आकडे घेतो. पलीकडचा ४७० माणसांचा गट पाचव्या प्रभागातून चौथ्यात आणला, तर चौथा ३,४२० वरून ३,८९० वर जातो, म्हणजे मर्यादा ओलांडतो. म्हणून चौथ्याच्या उत्तरेकडील ५६० माणसांची एक आळी तिसऱ्या प्रभागाला द्यावी लागते. मग चौथा ३,३३० वर येतो, तिसरा ३,१५० वरून ३,७१० होतो, म्हणजे कमाल मर्यादेच्या आत अवघ्या तीस माणसांनी. आणि पाचवा ३,५६० वरून ३,०९० वर उतरतो, म्हणजे किमान मर्यादेच्या वर तेवढ्याच तीस माणसांनी. एका वस्तीला न्याय देण्यासाठी तीन प्रभागांची चतुःसीमा नव्याने लिहावी लागली. ज्या आळीला आम्ही तिसऱ्या प्रभागात ढकलले तिची शाळा आणि बाजार चौथ्यात राहिला. तिथल्या लोकांची नाराजी खरी होती, आणि तिच्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. एवढेच की आळीची गैरसोय झाली, पण तिचे ऐक्य अखंड राहिले, आणि वस्तीचे ऐक्यच मोडत होते. समान आकडे राखण्याच्या मर्यादेत राहून, ज्याची हानी मोठी त्याला आधी वाचवावे, यापलीकडे या कामात दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

पुढे आरक्षणाची सोडत झाली, पारदर्शक बरणीतून शाळकरी मुलांनी चिठ्ठ्या काढल्या, निवडणूक झाली, मी यथाकाल सेवानिवृत्त झालो. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाच्या वादात कित्येक वर्षे रखडलेल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घ्याव्यात असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी दिला, आणि गावोगाव पुन्हा नकाशे पसरले गेले. प्रारूप लागले तेव्हा मी एक नागरिक म्हणून ते पाहावयास गेलो. नाल्याकाठची वस्ती एकाच प्रभागात होती. फरशी हद्दीच्या आत होती. तेथे बोट ठेवून मी बराच वेळ उभा राहिलो.

परंतु त्याच नकाशावर दुसरे एक दुःख होते. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे हे प्रभागही २०११ च्याच लोकसंख्येवर पाडलेले होते. गावाच्या पश्चिमेस कालव्यापलीकडे जेथे त्या वेळी उसाचे फड होते तेथे आता घरांच्या रांगा आहेत, भाडेकरू आहेत, बाहेरगावाहून कामासाठी आलेली कुटुंबे आहेत. आणि तेथल्या प्रभागाची लोकसंख्या मात्र कागदावर चौदा वर्षांपूर्वीची. आकडे दहा टक्क्यांच्या मर्यादेत अचूक बसलेले, आणि तरीही समानता कागदापुरतीच राहिलेली. आखणाऱ्याने कितीही सचोटी दाखवली, कितीही पायपीट केली, तरी जे माणूस मोजलेच गेले नाही त्याला कोणत्याही प्रभागात जागा देता येत नाही.

आता पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख जाहीर झाली आहे. तिच्या आधीच्या फेब्रुवारीत आमच्या गावात जो प्रगणक हिंडेल त्याच्या हाती वहीऐवजी मोबाईल असेल. तो गट पाडलेला नकाशा घेऊन नाल्याकाठी येईल तेव्हा पात्र कोरडे असेल आणि बायका फरशीवरून घागरी नेत असतील. माझी त्याला एवढीच विनंती राहील की त्याने दोन्ही काठांवरची घरे मोजताना त्या घागरींची वाट कोणत्या काठाकडून कोणत्या काठाकडे जाते हेही पाहून ठेवावे. कारण पुढे कधीतरी, बंद दाराआड, त्याच्या आकड्यांवरून कोणीतरी रेघ ओढणार आहे, आणि त्या माणसासमोरच्या नकाशावर फरशी दाखवलेली असेलच असे नाही.