गाडी दारात, पण लाईन तयार आहे का?



आपल्या गावांतून आता विजेची स्कूटर, क्वचित चारचाकीही, दारात उभी दिसू लागली आहे. पेट्रोलचा खर्च वाचतो, ही चांगलीच गोष्ट. परंतु गाडी घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. ती ज्या बोर्डाला लावायची, त्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

हिशेब सोपा आहे. विजेची चारचाकी घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावली, की साधारण ३ किलोवॅट वीज ओढते. आपल्या भाषेत, ४ हॉर्सपॉवरची मोटार. आणि ती चालणार रात्रभर! अशी मोटार आपण दिव्याच्या बोर्डावर कधी चालवू का? स्कूटरचा भार याहून बराच कमी, पण तोही तासन्‌तास राहतो. मग बारीक वायर, ढिला स्क्रू, जुने सॉकेट तापत जाते आणि एक दिवस पेट घेते.

म्हणून गाडी आणण्याआधी परवानाधारक वायरमनकडून मीटरपासून स्वतंत्र लाईन ओढून घ्यावी. चारचाकीसाठी ४ चौरस मि.मी. तांब्याची वायर, १६ अँपिअरचे चांगले सॉकेट, स्वतंत्र एम.सी.बी. आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा. एम.सी.बी. वायर वाचवतो, आर.सी.सी.बी. माणूस वाचवतो. किटकॅटमध्ये जाड तार घालून काम भागवू नये. अर्थिंग नावापुरते नको. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला, तर त्यात पाणी ओतावे. घराचा मंजूर भार कमी असेल, तर वीज कंपनीकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा.

शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावण्याचा मोह टाळावा. तिथला दाब कमी-जास्त होतो, शिवाय ज्या कामासाठी जोडणी मंजूर आहे त्याखेरीज वापर करणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. आकड्याचे तर नावच नको.

जागाही पाहून ठरवावी. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि एका लहान मुलाचा जीव गेला. त्याच वर्षी केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. तरीही काढता येणारी बॅटरी झोपायच्या खोलीत किंवा दाराच्या वाटेत लावू नये. कडब्याची गंजी, पाचट, गोवऱ्या, डिझेलचे कॅन यांपासून दूर, सावलीच्या व हवेशीर जागी लावावी. उन्हातून आलेली गाडी थोडी निवू द्यावी. चार्जर कंपनीचाच वापरावा. एक्स्टेन्शन बोर्ड लावू नये. ओल्या हाताने पिनेला शिवू नये.

पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने बटण बंद करून पीन काढून पाहावी. कोमट असेल तर हरकत नाही. चटका बसला किंवा जळका वास आला, तर वायरमनला दाखवल्याशिवाय पुन्हा लावू नये. बॅटरी फुगली, धूर निघाला, तर आधी घरातली माणसे बाहेर काढावीत, जमल्यास मेन स्विच बंद करावा, दूर व्हावे आणि ११२ वर फोन करावा. विझलेली बॅटरी पुन्हा पेट घेऊ शकते, म्हणून लगेच जवळ जाऊ नये.

गाडीच्या किमतीपुढे या लाईनचा खर्च थोडका आहे. तो गाडीच्याच खर्चात धरावा आणि लाईन आधी, गाडी नंतर, असा क्रम ठेवावा, ही सर्व सभासदांना विनंती.