गोणपाटातला बर्फ आणि केसाळ हस्की

रसवंतीगृहात किंवा सरबताच्या गाडीवर बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून ठेवलेली तुम्ही पाहिली असेल. गोणपाट बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, म्हणून बर्फ सावकाश वितळतो. सायबेरियन हस्की हा केसाळ कुत्रा अलीकडे पुण्या-मुंबईच्या घरांतूनही पाळला जातो. ‘उन्हाळ्यात याला त्रास होत नाही का?’ असे विचारले, की पुष्कळ मालक याच गोणपाटाचा दाखला देतात. केस थंडी बाहेर ठेवतात, तसे ऊनही बाहेर ठेवतात, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला ते पटते. पण ते कितपत खरे आहे हे ठरवायचे, तर आधी या कुत्र्याचे मूळ घर पाहायला हवे.

ते घर आहे सायबेरियाच्या ईशान्य टोकाला, चुकची लोकांच्या प्रदेशात. तेथील हिवाळ्यात तापमान उणे ३०-४० अंश सेल्सियसपर्यंत उतरते. चुकची लोकांना बर्फावरून हलके ओझे बेताच्या वेगाने, पण फार लांबवर ओढून नेणारा आणि थोडक्या अन्नावर भागवणारा कुत्रा हवा होता. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांनी तो तयार केला. म्हणून हस्की दांडगा नसतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन २० ते २७ किलोग्रॅम आणि खांद्यापाशी उंची ५३ ते ६० सेंटीमीटर. १९०९ मध्ये अलास्कातील नोम या गावच्या शर्यतीत हे कुत्रे प्रथम उतरले, तेव्हा तेथील थोराड कुत्र्यांपुढे ते लहानखुरेच दिसले. पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, जॉन जॉन्सन याने सायबेरियातून आणलेल्या कुत्र्यांच्या जोरावर सुमारे साडेसहाशे किलोमीटरची ती शर्यत जिंकली. १९२५ च्या हिवाळ्यात नोममध्ये घटसर्पाची साथ आली, तेव्हा प्रतिविष घेऊन वीस गाडीवानांनी आळीपाळीने सुमारे १०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापले. त्यांतला सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा लेनर्ड सेपाला आणि त्याचा म्होरक्या कुत्रा टोगो यांनी पार केला. टोगो तेव्हा बारा वर्षांचा, म्हणजे कुत्र्यांच्या हिशेबाने म्हातारा होता! शेवटच्या टप्प्यावर बाल्टो होता, म्हणून कीर्ती मात्र बाल्टोच्या वाट्याला आली.

असा कुत्रा उघड्यावर, बर्फात, रात्रभर झोपतो कसा? त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ, दाट लव आणि तिच्यावर लांब, सरळ, राठ केस. वरचे केस बर्फ आणि ओल आत शिरू देत नाहीत. आतली लव हवा अडकवून ठेवते. स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक आहे, हे तुम्ही शिकलाच आहात. खरे पाहता गोधडीची ऊबही कापडापेक्षा त्यात अडकलेल्या हवेचीच असते. झोपताना हस्की मुटकुळे करतो आणि झुपकेदार शेपूट नाकावर घेतो, त्यामुळे श्वासाबरोबर येणारी हवा थोडी कोमट होऊन येते.

पायांचे काय? तळव्याला केस नाहीत आणि खाली बर्फ. याचा उलगडा निनोमिया या जपानी संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह २०११ मध्ये केला. कुत्र्याच्या तळव्यातील धमन्यांभोवती बारीक शिरांचे दाट जाळे असते. तळव्याकडे जाणारे गरम रक्त आपली उष्णता परतणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच देऊन टाकते. त्यामुळे तळवा गोठत नाही आणि शरीरात परतणारे रक्तही गार राहत नाही. पेंग्विनच्या पायांत आणि डॉल्फिनच्या परांत हीच युक्ती आढळते.

थोडक्यात, हे शरीर उष्णता जपण्यासाठी घडले आहे. परंतु बर्फातसुद्धा त्याची एक अडचण होते. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणून गाडीला जुंपलेले कुत्रे धावता धावता कडेच्या बर्फाचा लचका तोडून खाताना दिसतात. हवामान जरा उबदार झाले, की अलास्कातील अनुभवी गाडीवान दिवसा विश्रांती घेतात आणि रात्री गाडी हाकतात. आपल्याला कडाक्याची वाटेल अशी थंडी धावत्या हस्कीला उकाड्याची वाटू शकते, ही गोष्ट लक्षात ठेवा.

घरात पाळलेल्या हस्कीच्या बहुतेक ‘खोड्या’ याच इतिहासातून आल्या आहेत. तो फारसा भुंकत नाही. लांडग्यासारखा हेल काढून गळा काढतो. शेजाऱ्यांना ते रात्री दोन वाजता ऐकायला आवडत नाही. पाहुणा असो की चोर, दोघांचेही तो शेपूट हलवून स्वागत करतो, तेव्हा राखणीला त्याचा उपयोग नाही. फाटक उघडे दिसले की तो सुसाट पळतो. मालकावर राग म्हणून नव्हे. धावणे हेच त्याचे काम होते म्हणून. बागेत तो खड्डे खणतो आणि त्यांत बसतो, कारण वितभर खालची माती वरच्या मातीपेक्षा गार असते. वर्षातून साधारण दोनदा त्याची आतली लव पुंजक्यापुंजक्यांनी झडते, आणि ती सोफ्यावर, चादरीवर, क्वचित आमटीतही सापडते.

त्याच्या निळ्या डोळ्यांचे सर्वांना कौतुक असते. त्या डोळ्यांत निळा रंग नसतोच! बुबुळात कृष्णरंजक फार कमी असल्यामुळे प्रकाश विखुरतो आणि आकाशासारखा निळेपणा दिसतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या जनुकांची तपासणी झाली. हस्कीच्या निळ्या डोळ्यांचा संबंध अठराव्या गुणसूत्रावरील एका तुकड्याच्या दुहेरी प्रतीशी आहे, असे तीत आढळले. निळा डोळा हा आजार नव्हे. पण हस्कीच्या डोळ्यांना खरे आजारही होतात. एक म्हणजे कमी वयात होणारा आनुवंशिक मोतीबिंदू. दुसरा, दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा विकार. याचे सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते. नराला एकच एक्स गुणसूत्र असल्यामुळे त्याची नजर जाते. मादीकडे दुसरी चांगली प्रत असली तर ती दोष वाहून नेते, पण सहसा आंधळी होत नाही. अशा मादीच्या नर पिल्लांपैकी सरासरी किती पिल्लांना हा विकार होईल, ते वहीत मांडून पाहा. पिल्लू घेताना त्याच्या आईबापांचे डोळे तपासले होते का, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा असतो. हस्कीच्या डोळ्यांभोवती आणि तोंडापाशी खपल्या धरल्या, तर कधी कधी कारण जस्ताची कमतरता हे निघते. काही हस्कींच्या आतड्यांना अन्नातील जस्त नीट शोषता येत नाही. जस्ताचे प्रमाण मात्र पशुवैद्यानेच ठरवावे. जास्त झाले तर ते विषारी ठरते.

आता गोणपाटाकडे वळू. एक प्रयोग करा. पत्र्याचे सारखे दोन डबे घ्या आणि एकाला लोकरीची शाल घट्ट गुंडाळा. दोन्हींत बर्फाचे पाणी घालून दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. गुंडाळलेला डबा जास्त वेळ गार राहील. मग मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली तोच प्रयोग ६० अंशांच्या गरम पाण्याने करा. आता गुंडाळलेला डबा जास्त वेळ गरम राहील. शाल थंडीची बाजू घेत नाही की उष्णतेची. ती फक्त वाट अडवते. बर्फ स्वतः उष्णता निर्माण करत नाही, म्हणून गोणपाट त्याच्या फायद्याचे. कुत्रा मात्र पेटती चूल आहे. त्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ अंश असते आणि आत सतत उष्णता तयार होत असते. सावलीतील हवा ३२ अंश असली, तर ती उष्णता बाहेर जायला हवी, आणि तिथेच केस आडवे येतात. मालकांचा दाखला फक्त थेट उन्हापुरता खरा आहे: किरण कातडीवर पडण्याऐवजी केसांवर पडतात.

मग केस भादरावेत का? तसेही करू नये. उघड्या कातडीला ऊन भाजते आणि भादरलेले केस पुन्हा नीट येतीलच असे नाही. विंचरून मोकळी झालेली आतली लव काढून टाकणे हा चांगला उपाय.

कुत्र्याच्या स्वेदग्रंथी मुख्यतः तळव्यांत असतात, आणि घामाने त्याचे अंग निवत नाही. त्याची खरी भिस्त ल्हाल्हा करण्यावर, म्हणजे जिभेवरच्या आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनावर. माठाचेही तत्त्व हेच आहे. मे महिन्यात पुण्यात किंवा नागपुरात माठातले पाणी छान गार होते; मुंबईत होत नाही, कारण तेथील हवा आधीच दमट असते. मुंबईचा पारा पुण्यापेक्षा खाली असला, तरी तेथे ल्हाल्हा करणाऱ्या कुत्र्याला प्रत्येक श्वासागणिक कमी गारवा मिळतो. पुण्यात मात्र भर दुपारी हवाच कुत्र्याच्या शरीराइतकी तापते, आणि बाष्पीभवनाखेरीज दुसरी वाट उरत नाही. मला विचाराल, तर या दोन्ही ठिकाणी हस्की पाळू नये असेच मी म्हणेन. पण घरात आलेल्या कुत्र्याला परत सायबेरियाला धाडता येत नाही.

कुत्र्याचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले, की उष्माघाताचा धोका असतो. धाप थांबत नाही, लाळ घट्ट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चाल अडखळते, कधी उलटी होते. अशा वेळी डॉक्टरांकडे धावण्याआधीच त्याला सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी भरपूर ओतावे, लव बाजूला सारून ते कातडीपर्यंत पोचवावे आणि पंखा लावावा. मगच दवाखाना गाठावा, आणि वाटेतही वारा घालत राहावे. ओला टॉवेल मात्र पांघरून ठेवू नये. थोड्या वेळात तो कोमट होतो, आणि आधीच्या दोन थरांवर तिसरा थर चढतो.

फिरायला नेण्याची वेळ पहाटेची. संध्याकाळी सूर्य मावळला, तरी डांबरी रस्ता बराच वेळ तापलेला असतो. निघण्यापूर्वी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून सात आकडे मोजावेत. तेवढा वेळ हात टेकवता आला नाही, तर आणखी तासभर थांबावे.